चित्राखालच्या चार ओळी : इतिहासाची मराठी पुस्तके काढणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
इतिहासाची मराठी पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ, मुलांची मासिके आणि दिवाळी अंक यांचे संपादक, चित्रसंपादक व मांडणीकार

स. न. वि. वि.

अमेरिका खंडाचा विषय निघाला की एक चित्र हटकून पानावर येते. किनाऱ्यावर उतरलेला कोलंबस, पाठीशी शस्त्रधारी शिपाई, समुद्रात जहाजे, एका बाजूला क्रूस उभारणारे खलाशी, आणि समोर उघड्या अंगाची माणसे हातातली भांडी नि दागिने पुढे करताहेत. खाली ओळ असते : ‘कोलंबसाचे स्वागत करताना रेड इंडियन’. चित्र कुणाचे, कधीचे, कशावरून काढले, काही नाही. आठवीतला मुलगा ते पाहतो आणि १४९२ साली तिथे असेच घडले असे धरून चालतो. त्याचा काही दोष नाही, आपण त्याला दुसरे काही सांगितलेलेच नसते.

हे चित्र १५९४ सालचे आहे, म्हणजे प्रसंगानंतर १०२ वर्षांनी कोरलेले. फ्रँकफर्टमध्ये थिओडोर द ब्रीच्या कारखान्यात ते तयार झाले आणि त्याच्या ‘अमेरिका’ या ग्रंथमालेच्या चौथ्या भागात छापले गेले. मजकूर होता जिरोलामो बेंझोनी या इटालियन प्रवाशाच्या १५६५ सालच्या पुस्तकाचा. द ब्री लिएजमध्ये जन्मला, स्ट्रासबुर्ग, अँटवर्प, लंडन असा फिरत फ्रँकफर्टला स्थिरावला. अटलांटिक त्याने कधीच ओलांडला नाही. चित्रावर लॅटिन शीर्षक आहे, त्याचा अर्थ असा : ‘कोलंबस प्रथम इंडियात उतरतो तेव्हा रहिवासी मोठमोठे नजराणे देऊन त्याचे स्वागत करतात.’ पण कोलंबसाच्या रोजनिशीचा जो गोषवारा आज उपलब्ध आहे, त्यात तो प्रथम उतरला त्या ग्वानाहानी बेटावरच्या लोकांनी आणले ते पोपट, सुताचे गुंडे आणि भाले. सोने होते ते काहींच्या नाकात अडकवलेले छोटे तुकडे. मग चित्रातली ती घाटदार भांडी आली कुठून? द ब्री सोनाराच्या घराण्यातला, स्वतःही सोनारकाम शिकलेला. नजराणा काढायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या दुकानाच्या फळीवरचा माल काढला.

आमची मागणी एवढ्यासाठीच आहे आणि ती लहान आहे. वसाहतकाळाच्या सुरुवातीचे कोणतेही कोरीव चित्र छापाल तेव्हा त्याखाली चार गोष्टी छापा : प्रसंग किंवा माणसे प्रत्यक्ष कुणी पाहिली, मूळ चित्र कुणी काढले, तांब्यावर कुणी आणि कोणत्या साली कोरले, आणि तुम्ही छापता आहात ती मूळ छाप आहे की कुणी केलेली नक्कल. चार ओळींत हे बसते. हे माहीत नसेल तर ते चित्र पुरावा म्हणून वापरू नका.

यात काय काय बिघडते हे समजायला चित्र कसे बनते ते ठाऊक असावे लागते, म्हणून थोडे कारागिरीविषयी. आपल्याकडे ताम्रपट म्हटले की दानपत्र आठवते, आणि कोरलेल्या तांब्यावरून छपाई म्हटली की मिरजेला १८०५ साली छापलेली गीता. युरोपातले काम असे चाले. तांब्याचा साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा ठोकून, घासून आरशासारखा करायचा, कडा कानशीने तिरक्या उतरवायच्या. चित्राचा आराखडा त्यावर उतरवायचा आणि ब्युरिन नावाच्या चौकोनी पोलादी कोरणीने रेघ खोदायची. पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवतात. गोल रेघ काढायची तर हात स्थिर राहतो आणि पत्रा फिरतो. रेघेच्या काठाला तांब्याचा कीस उभा राहतो, तो तासून काढायचा. मग पत्रा कोमट करून तेलात खललेली काळी शाई रेघांत भरायची, वरची पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून लोकरी कापडाखाली दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, छाप उलटी येते. पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे. छापलेले चित्र समोर ठेवून कुणी जसेच्या तसे दुसऱ्या पत्र्यावर कोरले, की त्याची छाप आरशातल्यासारखी होते. शेकडो नकला अशाच झाल्या. धनुर्धारी डावखुरे होतात, तलवारी उजव्या कमरेला जातात, गावाची नदी दुसऱ्या बाजूने वाहू लागते. असे ‘डावखुरे’ चित्र दिसले की आधी नकलेचा संशय घ्या. दुसरी, तांबे मऊ असते. पहिले काहीशे छाप टवटवीत येतात, मग बारीक रेघा झिजतात आणि कारागीर त्या पुन्हा खोदून गडद करतो. पुन्हा खोदताना चेहरे बदलतात. तिसरी, पुस्तकाचा मजकूर उठावाच्या खिळ्यांनी छापतात आणि चित्र खाचेतल्या शाईने, म्हणून एकच पान दोन वेगळ्या यंत्रांतून दोनदा काढावे लागे. मजकुरावर किंचित तिरके बसलेले चित्र दिसले तर तो दोष समजून संगणकावर ‘सरळ’ करू नका. ते पान खरेच तसे निघालेले असते.

आता एक चित्र जवळून पाहू. द ब्रीने १५९० साली पहिला भाग काढला तो टॉमस हॅरियटच्या व्हर्जिनियावरच्या अहवालाचा, लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा चार भाषांत. चित्रे जॉन व्हाइटच्या जलरंगांवरून. व्हाइट १५८५ मध्ये रोआनोकला, म्हणजे आजच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, खरोखर गेला होता, आणि त्याची जलरंगचित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे इथे मूळ आणि कोरीव आवृत्ती शेजारी ठेवून तपासता येते. असे फार क्वचित घडते. पोमेइओक गावच्या प्रमुखाची बायको आणि तिची मुलगी यांचे चित्र घ्या. व्हाइटच्या कागदावर दोघी कोऱ्या पार्श्वभूमीवर उभ्या आहेत आणि मुलीच्या हातात इंग्रजांनी दिलेली, एलिझाबेथच्या काळच्या झग्यातली बाहुली आहे. तांब्यावर येताना मुलीच्या दुसऱ्या हातात एक खुळखुळा आला, तिचे गाल फुगले, बाईचे खांदे नि पोटऱ्या ग्रीक पुतळ्यासारख्या झाल्या आणि मागे अख्खा जलाशय पसरला. गोंदणाच्या रेघा मात्र बऱ्याच निष्ठेने उतरल्या. म्हणजे या एकाच चित्रातून गोंदणाविषयी बोलता येते, शरीरयष्टीविषयी येत नाही. चित्राला ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा एकच शिक्का मारून भागत नाही, प्रत्येक वस्तूपाशी थांबावे लागते.

सेकोतान गावाच्या चित्रातही तेच. मक्याची तीन शेते, नुकते उगवलेले, हिरवे आणि पिकलेले, ही व्हाइटची नोंद आहे, त्याने ती चित्रावरच शब्दांत लिहिली आहे. कोरीव आवृत्तीत ते शब्द गेले, त्याऐवजी अक्षरे आली आणि त्यांचा उलगडा सोबतच्या मजकुरात ठेवला. तंबाखूचे शेतही तिथेच वाढले. मराठी पानावर हे चित्र मजकुराशिवाय येते तेव्हा ती अक्षरे अनाथ होतात. काही ठिकाणी तर ती डाग समजून पुसलेली आम्ही पाहिली आहेत.

याच पुस्तकाच्या शेवटी पाच चित्रे आहेत ती कुणी छापत नाही, आणि आमच्या मते तीच सगळ्यांत आधी छापायला हवीत. ती ब्रिटनमधल्या प्राचीन पिक्ट लोकांची आहेत : अंगभर रंगवलेले, उघडे, एकाच्या हातात कापलेले मुंडके. ब्रिटनचे रहिवासीही एके काळी व्हर्जिनियातल्या लोकांइतकेच रानटी होते हे दाखवण्यासाठी ती जोडली, असे पुस्तकातच म्हटले आहे. व्हर्जिनियाच्या चित्रांशेजारी यांतले एक ठेवा. १५९० चा युरोपीय वाचक ‘रानटी’ हा शब्द कसा वापरत होता हे वर्गात समजावून सांगायला मग वेगळा परिच्छेद लागणार नाही.

दुसऱ्या भागातली, १५९१ ची फ्लोरिडाची ४२ चित्रे जास्त काळजीने हाताळावी लागतात. मूळ चित्रकार झाक ल मॉइन १५६४ मध्ये लोदोनिएरच्या फ्रेंच मोहिमेबरोबर तिमुकुआ लोकांच्या प्रदेशात गेला, १५६५ च्या स्पॅनिश हल्ल्यातून जीव घेऊन निसटला आणि १५८८ मध्ये लंडनला वारला. द ब्रीने चित्रे त्याच्या विधवेकडून घेतली. आज ती मूळ चित्रे नाहीत. त्यांतले एक न्यूयॉर्कमध्ये उरले आहे असे दीर्घकाळ मानले जाई, पण तेही कोरीव चित्रावरूनच रंगवलेले असावे असे आता बरेच अभ्यासक म्हणतात. तेव्हा इथे पडताळा चित्रातल्या वस्तूंवरूनच घ्यावा लागतो, आणि त्या वस्तू बोलतात. तिमुकुआ लोक ‘काळे पेय’ म्हणून ओळखला जाणारा पानांचा काढा शंखातून पीत, तो त्यांच्या किनाऱ्यावरचा मोठा शंख. चित्रात आहे नॉटिलस, जो हिंदी आणि प्रशांत महासागरात सापडतो आणि ज्याचे चांदीत मढवलेले पेले युरोपातले सोनार त्या काळी मोठ्या हौसेने बनवत. पुन्हा सोनाराचीच फळी! काही योद्ध्यांच्या हातात ब्राझीलच्या तुपिनांबांची गदा आहे. पेरणीच्या चित्रात युरोपीय वळणाच्या कुदळी आणि ओळीने तासे आहेत, तर त्या प्रदेशात मका मातीच्या उंचवट्यांवर लावत. ‘फ्लोरिडातील आदिवासींची शेती’ अशी ओळ देऊन हे चित्र छापणे म्हणजे फ्रँकफर्टजवळचे शेत दाखवणे.

ब्राझीलच्या तिसऱ्या भागाबद्दल, १५९२, थोडक्यात. हान्स श्टाडेन हा जर्मन तुपिनांबांच्या कैदेत राहून आला आणि त्याचे पुस्तक १५५७ मध्ये मारबुर्गला ओबडधोबड लाकडी ठशांसह निघाले. द ब्रीने ते ठसे तांब्यावर नेताना नरमांसभक्षणाचे प्रसंग इतके सफाईने सजवले की चार शतके तीच प्रतिमा सर्वत्र फिरत राहिली. मुलांच्या मासिकात मजेखातर हे चित्र टाकू नका. तुपिनांबा ही नामशेष झालेली जमात नव्हे, त्यांचे वारस आज ब्राझीलच्या बाहिया राज्यात राहतात. त्यांच्या पूर्वजांचा लाल पिसांचा झगा डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातून २०२४ मध्ये ब्राझीलला परत आला. तुमचे पान त्यांच्या घरातही उघडू शकते.

शब्दांचेही तेच. ‘रेड इंडियन’ ही ओळ काढून टाका आणि लोकांचे नाव लिहा : ताइनो, तिमुकुआ, तुपिनांबा, सेकोतानचे अल्गोंक्वियन भाषक. भिल्ल, वारली, कातकरी यांच्या चित्रांखाली कुणी नुसते ‘आदिवासी’ लिहिले तर आपल्याला खटकते. तेच माप इथेही लावा.

आणि हे सारे दूरच्या खंडाचे आहे असे समजू नका. यान हाउखेन फान लिन्सखोटन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा सचिव होता. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाले, चित्रे कोरली फान दुतेकुम बंधूंनी. गोव्याच्या भर रस्त्यातला बाजार, छत्र्या धरलेले सेवक, पालख्या, विक्रीला उभे केलेले गुलाम, सती, ब्राह्मणाचे लग्न, कोकणातले शेतकरी, हे सगळे युरोपच्या घराघरांत गेले ते या पत्र्यांवरून. (बाजाराच्या त्या चित्राचा विषय पोर्तुगीज ‘लेलांव’, म्हणजे आपला लिलाव. शब्दही तिथूनच मराठीत आला.) लिन्सखोटन पाच वर्षे गोव्यात राहिलेला, म्हणून त्याच्या पोशाखांना आणि वस्तूंना वजन आहे. पण दोन-तीन वर्षांतच द ब्री कुटुंबाने आपल्या पूर्वेकडच्या मालेसाठी त्यांच्या नकला केल्या, आणि मराठी-कोकणी पुस्तकांत ‘सोळाव्या शतकातील गोवा’ म्हणून कधी मूळ येते, कधी नक्कल. दोन्हीखाली ओळ एकच. गोव्याच्या इतिहासाच्या पानावर तरी हा घोळ आपण मिटवायला हवा.

आता सगळ्यांत अवघड चित्रे. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश पाद्र्यांनी अमेरिकेतल्या स्पॅनिश अत्याचारांचा वृत्तान्त १५५२ मध्ये छापला. द ब्रीने १५९८ मध्ये त्याची लॅटिन आवृत्ती काढली आणि तिला १७ चित्रे जोडली, योस फान विंगेच्या रेखाटनांवरून. जाळणे, हात तोडणे, कुत्रे सोडणे, सगळे त्यात आहे. द ब्री प्रॉटेस्टंट, स्पेनशी त्या पंथाचे वैर, आणि ही चित्रे त्या वैराच्या कामी आली हे खरे. पण म्हणून ‘हा प्रचार’ असे म्हणून ती बाजूला सारणारे लेख वाचले की आम्हाला संताप येतो. लास कासास तिथे अनेक वर्षे राहिलेले आणि पाहिलेले होते. संहार झाला होता. खाली लिहायचे ते असे : मजकूर साक्षीदाराचा, चित्र न पाहिलेल्याचे. दोन्ही वाक्ये एकत्रच यायला हवीत. एक गाळले की दुसरे खोटे पडते.

छपाईबद्दल, कारण निम्मे नुकसान तिथे होते. कोरीव चित्रात करडा रंग नसतोच, सावली म्हणजे जवळजवळ खोदलेल्या आडव्या-उभ्या रेघा. एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन रेघा सहज असतात. असे चित्र निम्म्यावर आणले की त्याच जागेत चार ते सहा रेघा कोंबल्या जातात, शाई पसरते आणि साध्या कागदावर त्यांचा काळा ठिपका होतो. नुकसान कुणाचे होते ते पाहा. मूळ रहिवाशांच्या उघड्या अंगावर सर्वाधिक रेघा असतात, युरोपीयांचे चेहरे नि झालरी मोकळ्या असतात. चित्र लहान केले की पाहुणे गोरे राहतात आणि यजमान काळेकुट्ट होतात. कोरणाऱ्याने न केलेला भेद आपला छापखाना करतो. म्हणून चित्र मूळ आकाराच्या दोन-तृतीयांशाखाली नेऊ नका. जागा नसेल तर चित्रातला एक भाग मोठा करून द्या आणि तो भाग आहे असे लिहा. स्कॅन किमान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), मूळ पानावरून. आधी छापलेल्या पुस्तकातून स्कॅन केले की तिथले ठिपके आणि तुमचे ठिपके एकमेकांत अडकून लाटांची जाळी उमटते. पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन, कोपऱ्यातली सही आणि क्रमांक कापू नका, ओळख पटते ती त्यांवरूनच.

रंगीत आवृत्तीपासून सावध राहा. यातली बहुतेक पुस्तके काळ्या शाईतच विकली गेली, रंग असले तर हाताने भरलेले. जुना तांबेयुक्त हिरवा रंग कागद खातो : पान उलटले की झाडांच्या जागी मागून तपकिरी डाग दिसतो, कधी चीर पडलेली असते. मागची बाजू स्वच्छ, हिरवा रंग ताजा, आणि रंग जुन्या मळाच्या वर बसलेला असेल तर ते काम बहुधा अलीकडच्या विक्रेत्याचे. संगणकाने रंगवलेल्या आवृत्तीतला कातडीचा रंग तर कुणी पाहिलेलाच नाही, ती छापूच नका.

ज्या संस्था मूळ छाप विकत घेऊन भिंतीवर लावतात त्यांना एवढेच सांगतो : दहापट भिंगातून पाहा. सलग, किंचित उठलेली शाईची रेघ दिसली तर तांब्याची छाप, ठिपके दिसले तर आधुनिक प्रत. कागद उजेडाकडे धरा, हातकागदात दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतराने साच्याच्या तारांच्या उभ्या रेघा दिसतात. आणि सुटे पान घेण्याआधी विचार करा. ते बहुतेक वेळा अख्खे पुस्तक फाडून सुटे केलेले असते, आणि त्याचा उलगडा करणारा मजकूर तिथेच मागे राहिलेला असतो.

चित्र नको असेल तर पर्याय आहेत, आणि ते अधिक चांगले आहेत. मेक्सिकोत सहागुन या स्पॅनिश पाद्र्याच्या देखरेखीखाली तिथल्या नहुआ लोकांतल्या चित्रकारांनी काढलेली सुमारे अडीच हजार चित्रे असलेले हस्तलिखित फ्लॉरेन्सला आहे. अँडीजमधल्या ग्वामान पोमाने १६१५ च्या सुमारास स्वतः लिहून रेखाटलेले ३९८ चित्रांचे हस्तलिखित कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. दोन्ही आंतरजालावर पाहता येतात. ज्यांचे चित्र काढायचे त्यांनीच धरलेला कुंचला आहे हा, आणि मराठी पुस्तकांत तो जवळजवळ दिसतच नाही.

पुढच्या आवृत्तीत कोलंबसाचे ते चित्र राहणारच असेल, तर त्याखाली ही ओळ जशीच्या तशी वापरा, आमची परवानगी गृहीत धरा :

‘कोलंबसाचे आगमन, १४९२, असे कल्पिलेले चित्र. ताम्रपटावर कोरून छापले थिओडोर द ब्रीच्या कारखान्यात, फ्रँकफर्ट, १५९४, बेंझोनीच्या पुस्तकासाठी. चित्र करणाऱ्याने अमेरिका पाहिली नव्हती. भांडी आणि दागिने युरोपीय घडणीचे. बेटावरच्या ताइनो लोकांनी आणले होते पोपट, सूत आणि भाले.’

आपले,
जुन्या मुद्राचित्रांचे अभ्यासक, मुद्राचित्रकार आणि संग्राहक